नव्या सिस्टरची पूर्वतयारी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या परिचारिकांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत, म्हणून हे सदर संपूर्णपणे त्यांच्यासाठी ठेवले आहे. निवृत्त परिसेविका या नात्याने उत्तरे देताना मी काही ठिकाणी औषधांच्या मात्रा दिल्या आहेत. त्या केवळ पूर्वतयारीसाठी आहेत. प्रत्यक्ष औषध देताना डॉक्टरांचा लेखी आदेश आणि आपल्या रुग्णालयाची कार्यपद्धती हीच प्रमाण मानावी.

प्रश्न : ताई, नमस्कार. जीएनएमचे शिक्षण पूर्ण करून मी जूनमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील एका उपजिल्हा रुग्णालयात रुजू झाले. माझी नेमणूक स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात आहे. शिकत असताना मला कधी कोणी बोल लावला नाही, पण इथे ड्युटी सुरू झाली की माझी तारांबळ उडते. एका पेशंटचे सलाईन बदलायला निघावे तर दुसरीचे नातेवाईक हाक मारतात, तेवढ्यात राउंड येतो आणि मी मुळात कशासाठी उठले होते तेच विसरते. घरी गेल्यावर काही द्यायचे राहिले तर नाही ना, या विचाराने झोप लागत नाही. माझ्याबरोबरच्या मुली चटपटीत आहेत. मीच हळू आहे का? कामाची घडी कशी बसवावी?
— एक परिचारिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुम्ही हळू आहात असे तुमच्या पत्रावरून मला मुळीच वाटत नाही. प्रशिक्षणात तुमच्याकडे एक-दोन रुग्ण असत, त्यांचा अभ्यास करायला वेळ असे आणि चुकले तर सांगायला शिक्षिका पाठीशी असत. आता तुमच्याकडे वीस-पंचवीस खाटा आहेत आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी तुमचे काम मध्येच तोडते आहे. अशा वेळी जी मुलगी सगळे डोक्यात ठेवू पाहते तिची धांदल उडणारच, मग ती कितीही हुशार असो. चटपटीत दिसणाऱ्या मुलींपैकी काही जणी केवळ भराभर चालतात, एवढेच. लक्षात ठेवण्याचे काम डोक्याकडून काढून कागदाकडे आणि ठरलेल्या जागांकडे सोपवणे, ही तुमची पहिली तयारी आहे, आणि तिची सुरुवात ड्युटीच्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटे वॉर्डात पोहोचण्यापासून होते. ही मिनिटे इन्चार्ज सिस्टरांना खूश करण्यासाठी नाहीत. रिपोर्ट बुक आणि नवे केसपेपर शांतपणे वाचायला दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो.

हँडओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून रुग्णांची माहिती व जबाबदारी, टेबलापाशी बसून घेऊ नका; प्रत्येक खाटेपाशी उभे राहून घ्या. पाळी संपवून घरी जायला निघालेली सहकारी दमलेली असते, तिला एसटी गाठायची असते, त्यामुळे टेबलावरच सगळे उरकावे असे तिला वाटणे स्वाभाविक आहे. तरीही नम्रपणे, 'चला ना सिस्टर, एकदा फिरून येऊ,' असे म्हणावे. या एका सवयीबद्दल मी इतक्या आग्रहाने का लिहिते ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. भाताच्या लावणीनंतर ताप घेऊन आलेली, लेप्टोस्पायरोसिसचा संशय असलेली एक पन्नाशीची बाई आहे असे समजा. रिपोर्ट बुकात 'लघवी समाधानकारक' असे लिहिलेले आहे. तुम्ही खाटेपाशी जाता, वाकून लघवी साठण्याची पिशवी, म्हणजे युरोबॅग, पाहता, तर तळाशी गडद पिवळी, जेमतेम पाव कप लघवी दिसते, आणि बॅग शेवटची कधी रिकामी केली असे विचारल्यावर 'पहाटे चारला' असे उत्तर मिळते. आता आठ वाजले आहेत. पन्नास किलो वजनाच्या बाईला तासाला निदान पंचवीस मिलिलिटर, म्हणजे चार तासांत शंभर मिलिलिटर लघवी व्हायला हवी. लेप्टोमध्ये मूत्रपिंडांवर परिणाम होतो हे तुम्ही शिकलेल्या आहात. म्हणजे राउंडची वाट न पाहता डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट तुम्हाला ड्युटीच्या पहिल्या दहा मिनिटांत कळली, आणि ती टेबलापाशी बसून कळली नसती.

खाटेपाशी काय पाहायचे याचा क्रम एकदा ठरवून घ्यावा आणि तो बदलू नये. मी चेहऱ्यापासून सुरुवात करत असे: रुग्ण जागा आहे का, बोलतो का, श्वास कसा चालला आहे. नंतर हात पाहावा, कारण शिरेत बसवलेल्या नळीची, म्हणजे कॅन्युलाची, जागा सुजली असेल किंवा लाल झाली असेल तर ती तेव्हाच लक्षात यायला हवी. मग वर टांगलेली बाटली, तिच्यात किती उरले आहे, त्यात कोणते औषध मिसळले आहे. मग ऑक्सिजन किती लिटरवर आहे. मग ड्रेसिंग, ड्रेन, युरोबॅग. शेवटी तोंडी विचारावे: कशाची ॲलर्जी आहे का, कोणाला उपाशी ठेवायचे आहे, कोणता रिपोर्ट यायचा आहे, कोणाचे रक्त पाठवायचे राहिले आहे.

आता कागदाविषयी. एक ए-फोर कागद आडवा घडी करून डाव्या बाजूला खाटेचा क्रमांक, नाव, वय आणि निदान लिहावे आणि उजवीकडे तासांचे रकाने आखावे. ज्या तासाला जे करायचे आहे तिथे लहान वर्तुळ काढावे. काम होऊन केसपेपरवर सही झाली की त्या वर्तुळावर काट मारावी, सहीच्या आधी नाही. ड्युटीत कोणत्याही क्षणी तुम्हाला हाक आली तरी परतल्यावर मोकळी वर्तुळे पाहिली की पुढचे काम समोर दिसते. 'मी कशासाठी उठले होते' हा प्रश्नच उरत नाही, आणि घरी गेल्यावर झोप न लागण्याचे कारणही बहुतांशी मिटते, कारण निघण्यापूर्वी तुम्ही सगळी वर्तुळे एकेक करून पाहिलेली असतात. या कागदावर रुग्णांची खासगी माहिती असते, म्हणून तो पर्समधून घरी नेऊ नये. फाडून टाकूनच वॉर्ड सोडावा. मोबाइलमध्ये याद्या करणे किंवा केसपेपरचे फोटो काढणे कटाक्षाने टाळावे. पावसाळ्यात कोकणात कागद दमट होतो आणि शाई पसरते, म्हणून शाईचे पेन न वापरता बॉलपेन वापरावे आणि घडीचा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा.

कामाचा क्रम खाट एकपासून शेवटच्या खाटेपर्यंत असा ठेवू नये. हँडओव्हर घेताना ज्या एक-दोन रुग्णांविषयी मनात काळजी उत्पन्न झाली, त्यांची नाडी, रक्तदाब, श्वास आणि ऑक्सिजनची पातळी सर्वांत आधी घ्यावी. त्यानंतर वेळेला बांधलेली कामे येतात, आणि त्यांत इन्सुलिनचा क्रमांक वरचा आहे. साधे रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी साधारण अर्धा तास द्यायचे असते, म्हणून जेवणाची गाडी वॉर्डात येण्याची वेळ तुमच्या कागदावर लिहिलेली हवी. गाडीला उशीर झाला आणि इन्सुलिन आधीच देऊन झाले असेल तर रुग्णाची साखर उतरते. इन्सुलिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. आपल्याकडे 40 युनिट प्रतिमिलिलिटर आणि 100 युनिट प्रतिमिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतेच्या व्हायल मिळतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात: 40 साठी लाल टोपणाची, 100 साठी नारिंगी. शंभरची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गल्लत झाली, तर वीस युनिट समजून पन्नास युनिट दिले जातात. म्हणून व्हायल आणि सिरिंज एकाच वेळी डोळ्यांसमोर धरून वाचल्याशिवाय इन्सुलिन भरू नये.

औषधे एका वेळी एकाच रुग्णाची काढावी. चार सिरिंज भरून ट्रेमध्ये मांडून निघणे वेळ वाचवणारे वाटते, पण त्यातूनच अदलाबदल होते. आपल्या भागात एका वाडीतले निम्मे लोक एकाच आडनावाचे असतात, आणि त्याच वाडीतून तापाचे दोन रुग्ण एकाच आठवड्यात दाखल होणे मुळीच दुर्मीळ नाही. एकाच वॉर्डात दोन लक्ष्मी सावंत असू शकतात. अशा वेळी 'तुम्ही सावंत आजी ना?' असे विचारू नये, कारण कमी ऐकू येणारी म्हातारी कशालाही मान डोलावते. 'आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव कुठलं?' असे विचारावे, आणि मिळालेले उत्तर केसपेपरवरील नाव, वय आणि नोंदणी क्रमांकाशी ताडून पाहावे. औषध काढताना कोणी बोलायला आले तर हातातले काम संपेपर्यंत थांबायला सांगावे. यात उद्धटपणा काही नाही. नातेवाइकांनाही ते पटते.

सलाईनचा वेग मनाने ठरवू नये. तुमच्या वॉर्डातल्या साध्या सेटमधून एका मिलिलिटरमध्ये बहुधा वीस थेंब पडतात, तरी सेटच्या पाकिटावर छापलेला आकडा वाचून घ्यावा. मायक्रो सेटचे साठ थेंब असतात. 500 मिलिलिटर आठ तासांत द्यायचे असेल तर 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. असे चार-पाच नेहमीचे हिशेब तुमच्या कागदाच्या मागे कायमचे लिहून ठेवा. बाटलीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर तासातासाच्या खुणा केल्या, तर जाता-येता नुसत्या नजरेने सलाईन मागे आहे की पुढे ते कळते.

नातेवाइकांच्या हाकांविषयी थोडे लिहायला हवे. 'बघते', 'येते' अशी उत्तरे दिली की पाच मिनिटांनी तीच व्यक्ती पुन्हा येते आणि तुमचे काम पुन्हा तुटते. त्याऐवजी आधी, रुग्णाला श्वासाचा त्रास, रक्तस्राव, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे असे काही आहे का, हे विचारावे. असेल तर हातातले सोडून जावे. नसेल तर 'दहा मिनिटांत येते' असे वेळेसह सांगावे आणि कागदावर वर्तुळ काढावे. दिलेली वेळ तुम्ही दोन-तीनदा पाळलीत की त्या खाटेवरच्या हाका आपोआप कमी होतात.

लिहिण्याचे काम ड्युटीच्या शेवटासाठी साचवू नका. ताप पाहिला की तेथेच टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर चढवावा, औषध दिले की तेथेच वेळ लिहून सही करावी. ड्युटी संपण्यापूर्वीचा अर्धा तास तुमच्यानंतर येणाऱ्या सिस्टरसाठी राखून ठेवावा: ट्रॉलीवर सिरिंज, कापूस, सेट भरलेले असावेत, सुयांचा पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला असेल तर बदललेला असावा, आणि कोणाचे काय उरले आहे ते एका नजरेत दिसावे. जसा हँडओव्हर तुम्हाला मिळावा असे वाटते, तसाच तुम्ही द्यायला लागलात की काही महिन्यांत वॉर्डाची रीतच बदलते, हे मी पाहिलेले आहे.

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात आहे. पुढच्या महिन्यापासून नाइट लागणार आहेत. रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक मावशी एवढीच माणसे असतात. सर्पदंश किंवा झटके येणारी गरोदर बाई आली तर माझे हातपाय गळतील अशी भीती वाटते. आधीपासून काय तयार ठेवावे?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : भीती वाटते म्हणून तुम्ही आतापासून विचारता आहात, ही चांगली गोष्ट आहे. आपल्या किनारपट्टीवर रात्री काय काय येऊ शकते याचा अंदाज बांधणे तसे अवघड नाही: पावसाळ्यात फुरसे, घोणस, नाग, मण्यार यांचे दंश, विंचूदंश, लेप्टोचा अत्यवस्थ रुग्ण, मोटरसायकलचा अपघात, अडलेली बाळंतीण आणि एक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे, झटके. दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यात माकडतापाचेही भान ठेवावे लागते. एवढ्यांसाठी साहित्य हाताशी असेल आणि ते कुठे आहे हे अंधारातही सांगता येत असेल, तर हातपाय गळायला वेळच मिळत नाही.

रात्री आल्याबरोबर इमर्जन्सी ट्रॉली स्वतःच्या हाताने उघडून पाहावी. यादीवर आदल्या पाळीची टिकमार्क आहे म्हणून ती सोडून देऊ नये. हाताने श्वास देण्याची अँब्यू बॅग दाबून पाहावी, घशात पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहावा, सक्शन मशीन सुरू करून नळीच्या टोकाशी ओढ आहे का ते पाहावे, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा वाचावा आणि सिलिंडर उघडण्याची चावी त्यालाच दोरीने बांधलेली आहे याची खात्री करावी. चावी सापडत नाही म्हणून भरलेला सिलिंडर निरुपयोगी ठरतो, ही गोष्ट वाटते तितकी विरळा नाही. पावसात वीज कधीही जाते, म्हणून चार्ज केलेली बॅटरी खिशात असावी, जनरेटर कोण सुरू करतो त्याचा नंबर भिंतीवर असावा, आणि इन्सुलिन व ऑक्सिटोसिन ज्या फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवलेले असते तो वीज नसताना वारंवार उघडला जाऊ नये. ऑटोक्लेव्ह केलेला ड्रम किंवा पॅक हाताला ओलसर लागला तर तो निर्जंतुक समजू नये. दमट हवेत याकडे फार लक्ष द्यावे लागते.

सर्पदंशासाठी एक स्वतंत्र डबा करा. त्यात कोऱ्या, कोरड्या काचेच्या दोन-तीन टेस्ट ट्यूब ठेवा. फुरसे आणि घोणस यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि ती बिघडली आहे का हे खाटेपाशीच कळण्यासाठी शिरेतून काढलेले ताजे दोन मिलिलिटर रक्त अशा ट्यूबमध्ये घालून वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरके करून पाहतात. ट्यूब प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असेल, तर निरोगी माणसाचे रक्तही गोठलेले दिसणार नाही आणि चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणूनच ती ट्यूब कोरी हवी, आणि रक्त घातल्याची वेळ तिच्यावर चिकटपट्टीने लिहिलेली हवी. याच डब्यात सर्पविषरोधक लसीच्या, म्हणजे एएसव्हीच्या, निदान पहिल्या मात्रेच्या दहा व्हायल, त्या विरघळवण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि ॲड्रेनालिनच्या ॲम्प्युल असाव्यात. पावडरची व्हायल विरघळवताना जोराने हलवू नये, फेस येतो. हातात अलगद फिरवावी. लहान मुलालाही मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने सोडलेले विष माणसाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. एएसव्ही सुरू होण्यापूर्वी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून शेजारी ठेवावे. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, रक्तदाब उतरला किंवा दम लागला तर लस तत्काळ थांबवून मोठ्या माणसाला 1:1000 तीव्रतेचे अर्धा मिलिलिटर स्नायूत देतात. पायाला घट्ट दोरी बांधून आणलेला रुग्ण असेल तर ती दोरी डॉक्टर येण्याआधी झटकन सोडू नये.

विंचूदंशाच्या बाबतीत तुम्ही ज्या मातीत काम करता आहात तिचे एक मोठे ऋण जगावर आहे. लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाब उतरवणारे प्राझोसिन हे औषध वापरण्याचे काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच कोकणात उभे केले, आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्याकडे काम येते ते हे की, प्राझोसिन दिलेल्या रुग्णाला एकदम उठून बसू देऊ नये, कारण रक्तदाब खाली येतो. लघवीलाही खाटेवरच द्यावे, आणि नाडी, रक्तदाब, हातापायांचे गार पडणे व घाम यांची वारंवार नोंद ठेवावी.

एक्लॅम्प्सियाचा ट्रे कायम बांधून ठेवलेला असावा. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची 50 टक्के तीव्रतेची दोन मिलिलिटरची ॲम्प्युल म्हणजे एक ग्रॅम. प्रिचर्ड पद्धतीच्या पहिल्या मात्रेत चार ग्रॅम पातळ करून सावकाश शिरेतून आणि पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत देतात, म्हणजे चौदा ॲम्प्युल लागतात. ऐन वेळी दहाच सापडल्या तर उपयोग नाही. पुढची प्रत्येक मात्रा देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत आहे, श्वास मिनिटाला 16 पेक्षा कमी नाही आणि लघवी तासाला 30 मिलिलिटरच्या खाली गेलेली नाही, या तीन गोष्टी पाहून लिहायच्या असतात. उतारा म्हणून 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा मिलिलिटरची ॲम्प्युल त्याच ट्रेमध्ये हवी, औषधांच्या कपाटात नको.

रुग्ण रेफर करायचा झाला तर 108 ला लवकर फोन करावा. सावंतवाडीकडून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला जाताना वाटेत दरड पडलेली असू शकते, म्हणून कोणता रस्ता चालू आहे ते चालकाकडून विचारून घ्यावे. सोबतच्या कागदावर दंशाची वेळ, दिलेल्या व्हायलची संख्या, शेवटचा रक्तदाब आणि रक्ताच्या चाचणीचा निकाल ठळक लिहावा आणि पोहोचण्याच्या ठिकाणी फोनवर कळवावे. 3 जून 2020 चे निसर्ग वादळ आणि 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर यांनंतर, रस्ता, वीज आणि मोबाइल तिन्ही एकाच वेळी बंद पडू शकतात हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. तेव्हा आवश्यक नंबर कागदावर आणि औषधांचे खोके जमिनीपासून उंचावर असावेत.

प्रश्न : मी पुरुष परिचारक आहे. रात्री डॉक्टरांना फोन केला की 'नीट सांगत नाहीस' असे ऐकावे लागते, त्यामुळे फोन करायलाच मन कचरते. काय करावे?
— एक ब्रदर, रायगड जिल्हा

उत्तर : फोन लांबणीवर टाकणे हे सर्वांत धोक्याचे आहे, म्हणून ते मनातून काढून टाका. फोन करण्यापूर्वी केसपेपर हातात घ्यावा, नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन ताजे मोजलेले असावे, आणि मग चार गोष्टी क्रमाने सांगाव्यात: आत्ता काय झाले, रुग्णाची पार्श्वभूमी काय, तुम्हाला काय वाटते आणि तुम्हाला डॉक्टरांकडून काय हवे. या पद्धतीला एसबीएआर म्हणतात. 'सर, पुरुष वॉर्डातून बोलतो. खाट सात, वय पंचेचाळीस, यांना अर्ध्या तासापासून धाप लागली आहे. लेप्टोच्या संशयाने काल दाखल केले आहेत, सेफ्ट्रायॲक्सोन चालू आहे. श्वास 32, ऑक्सिजन 88, रक्तदाब 90/60, खोकल्यातून रक्त पडले आहे. मला रुग्ण खालावतो आहे असे वाटते. आपण लगेच येऊन पाहावे. तोपर्यंत ऑक्सिजन किती लिटरवर ठेवू?' एवढे बोलायला अर्धे मिनिट लागते. 'जरा बरे वाटत नाही म्हणतात' अशी सुरुवात करू नये. झोपेतून उठलेल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. तोंडी आदेश मिळाला तर औषधाचे नाव आणि मात्रा परत म्हणून दाखवावी, वेळेसह लिहावी आणि सकाळी सही घ्यावी. डॉक्टरांनी फोन उचलला नाही तर पुढे कोणाला करायचा, हे ड्युटीच्या सुरुवातीलाच इन्चार्ज सिस्टरांना विचारून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी नुकतीच नर्स म्हणून लागली आहे आणि चिपळूणला खोली घेऊन राहते. घरून आम्ही तिची काय तयारी करून द्यावी?
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : सर्वांत आधी तिच्या हिपॅटायटीस बीच्या लसीचे तीन डोस पूर्ण झाले आहेत का ते विचारा, शून्य, एक आणि सहा महिने असे ते असतात, आणि पुष्कळ मुलींचा तिसरा राहून गेलेला असतो. सुई टोचली तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि त्याच वेळी वरिष्ठांना कळवायचे, हेही तिला सांगून ठेवा. एचआयव्हीप्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत सुरू झाले तर उत्तम. 72 तासांनंतर त्याचा उपयोग होत नाही. लाजेने किंवा बोलणी बसतील या भीतीने ही गोष्ट लपवणाऱ्या मुली असतात, म्हणून आईने सांगितलेले बरे.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, त्यामुळे गणवेशाचे निदान तीन जोड हवेत. बूट पुढून बंद आणि न घसरणारे असावेत, आणि वॉर्डातून आल्यावर ते खोलीच्या दाराबाहेर राहावेत. रात्रपाळीला जाताना तिने पोटभर जेवून जावे. मध्यरात्रीसाठी पेज किंवा घावन यांसारखे हलके काही सोबत द्यावे. नाइटनंतर घरी आलेल्या मुलीला सकाळी दहा वाजता फोन करून 'झोपलीस का?' असे विचारू नये. नातेवाइकांनाही तसे सांगून ठेवा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि नेमणुकीचे पत्र यांच्या साक्षांकित प्रती प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तिच्याकडे आणि मूळ कागद तुमच्याकडे घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख मात्र दोघींनीही लिहून ठेवावी.